युद्धाची खतावणी

युद्धाची नुसती चाहूल लागली की आपल्याकडे प्रत्येक चहाच्या टपरीवर एक सरसेनापती तयार होतो. बशीत चहा ओतता ओतता तो तोफा कुठं लावायच्या ते सांगतो, बिस्किटांच्या पुड्यांची सरहद्द आखतो आणि दुसरा कप येईस्तोवर शत्रूची राजधानी घेऊन मोकळा होतो. यात रागवण्यासारखं काही नाही. माणसं घाबरली की मोठ्यानं बोलतात. पण तेहतीस वर्षं बँकेच्या टेबलामागे काढलेल्या माझ्यासारख्याला युद्ध म्हटलं की तोफ दिसत नाही, खतावणी दिसते. कुणी काय दिलं, ते कुणाच्या नावे लिहिलं आणि परत कधी करायचं ठरलं.

राष्ट्र युद्धाला उभं राहतं म्हणजे नेमकं काय होतं? सरकार आपल्याच लोकांकडून उसनं घेऊ लागतं. घरातला मुलगा, कपाटातलं सोनं, कोठीतलं धान्य, खिशातल्या नाण्यातली चांदी, कामगाराचे जादा तास. लोक ते देतात. आजवर जेव्हा जेव्हा मागणी झाली, तेव्हा आपल्या लोकांनी हात आखडल्याचं मला तरी आढळलेलं नाही. म्हणून माझ्या लेखी प्रश्न लोकांच्या देशभक्तीचा नाहीच. प्रश्न आहे तो हिशेबाचा. कारण पहिल्या वेळी लोक भावनेनं देतात, आणि दुसऱ्या वेळी देताना पहिल्या वेळचा अनुभव आठवतात.

रत्नागिरीसारख्या, कुठल्याच जमिनीच्या सरहद्दीपासून शेकडो मैल दूर असलेल्या जिल्ह्याचा युद्धाशी काय संबंध, असं कुणी विचारील. त्यानं दापोलीला जावं. तिला आजही जुनी माणसं ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. इंग्रजांच्या फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, हवालदार तिथं पेन्शन खात राहत. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सुभेदार रामजी सकपाळ, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, हे निवृत्तीनंतर काही काळ तिथंच होते. गोपाळबाबा वलंगकरही सैन्यातून निवृत्त होऊन दापोलीतच राहिले. ज्या महारांच्या बळावर कंपनी सरकारनं लढाया मारल्या, त्यांचीच सैन्यभरती १८९२ च्या सुमारास सरकारनं बंद करून टाकली, आणि त्याविरुद्ध अर्ज लिहिणाऱ्यांत वलंगकर पुढे होते. त्या अर्जांचा उपयोग झाला नाही. मग पहिलं महायुद्ध आलं, माणसं कमी पडू लागली आणि १९१७ मध्ये सरकारला त्याच माणसांची आठवण झाली. १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपलं, निकड संपली आणि १९२१ मध्ये पलटण मोडली. दुसरं महायुद्ध आलं, पुन्हा आठवण झाली, आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली. बँकेत अशा ग्राहकाला आम्ही ‘गरजेपुरता ऋणको’ म्हणत असू. कर्ज हवं तेव्हा नमस्कार, आणि हप्ता आला की घर बंद.

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानच्या फौजेत सुमारे पंचवीस लाख माणसं होती आणि त्यात सक्तीची भरती नव्हती. स्वेच्छेनं आलेल्या सैनिकांची एवढी मोठी फौज जगानं तोवर पाहिली नव्हती. ‘स्वेच्छेनं’ हा शब्द मात्र जपून वाचायला हवा. खाचरातलं भात वर्षाला पुरत नसेल, तर मुंबईची गिरणी आणि पलटण या दोन दारांपैकी एक ठोठावणं ही कोकणातल्या मुलाची स्वेच्छा असे. माणगावजवळच्या पळसगावचा नाईक यशवंत घाडगे हा असाच मराठा पलटणीत गेला आणि १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, एकट्यानं मशीनगनच्या मोर्चावर चालून जाऊन मरण पावला. वय बावीस. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. कादंबरीकार म्हणून मला त्या शौर्यापेक्षा एकच प्रश्न छळतो. पळसगावात ज्यांनी टायबर हे नाव कधी ऐकलं नव्हतं, त्यांना ही बातमी कुणी आणि कोणत्या शब्दांत सांगितली असेल?

माणसं घरटी एखादं मूल देतात, पण युद्ध प्रत्येकाच्या खिशात हात घालतं ते नाण्यांच्या वाटेनं. पहिल्या महायुद्धात चांदी पुरेना म्हणून १९१७ च्या अखेरीस सरकारनं एक रुपयाची कागदी नोट काढली, आणि पुढच्याच वर्षी अडीच रुपयांची. दुसऱ्या युद्धात रुपयातली चांदी निम्म्यावर आली. १९४३ मध्ये तांबं वाचवायला पैशाच्या मधोमध भोक पडलं. तो भोकाचा पैसा आमच्या आजीच्या पिढीतल्या बायका दोऱ्यात ओवून कनवटीला लावत. मुलांना ती गंमत वाटे. त्या भोकातलं तांबं वाचवण्याची वेळ युद्धानं आणली होती, हे त्या माळेकडे पाहून कुणाला सुचणार?

यापेक्षा मोठं भोक डोळ्यांना दिसत नव्हतं. ब्रिटन हिंदुस्थानातून युद्धासाठी माल उचलत होता आणि त्याचे पैसे लंडनमध्ये आपल्या नावे पौंडांत जमा दाखवत होता. त्या जमेच्या जोरावर रिझर्व्ह बँक इथं रुपये छापत होती. १९३९ ते १९४५ या काळात चलनातल्या नोटा सहा पटींहून जास्त झाल्या. माल बाहेर गेला, नोटा आत राहिल्या, भाव भडकले. मुंबईत २ मे १९४३ पासून रेशनिंग सुरू झालं. आपल्या घरातल्या रेशनकार्डाचा जन्म हा असा युद्धातला आहे. मुंबईत निदान रेशन होतं. बंगालमध्ये त्याच वर्षी दुष्काळात सुमारे तीस लाख माणसं मेली. युद्धासाठी लागणाऱ्या मालाला अग्रक्रम मिळाला, पण भाताच्या मुठीला मिळाला नाही.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नात्याचे, म्हणजे कोकणचेच. युद्ध संपता संपता ब्रिटन आपलं सुमारे १३० कोटी पौंड देणं लागत होता. जगावर राज्य करणारा देश आपल्याच गुलामाचा कर्जदार झाला होता. १९४४ मध्ये ब्रेटनवुड्सच्या परिषदेत भारतीय शिष्टमंडळानं, आणि त्यात देशमुख होते, या देण्याचा प्रश्न मांडून पाहिला. तिथं तो टाळला गेला. पुढे वाटाघाटी होऊन टप्प्याटप्प्यानं रक्कम मिळाली आणि आपल्या पहिल्या दोन पंचवार्षिक योजनांत ती खर्चीही पडली. म्हणजे कागदावरचा हिशेब चुकता झाला. पण त्या जमेच्या मागं ज्या बंगाली शेतमजुराची भाताची मूठ गेली, त्याचं खातं कुठल्याच बँकेत नव्हतं.

याच काळात एका माणसानं युद्धाची निकड उलटी वापरून घेतली. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. कारखाने चालू राहिले पाहिजेत, तंत्रज्ञ हवेत, संप नकोत ही सरकारची गरज. बाबासाहेबांचं म्हणणं असं की ज्या कामगारानं युद्ध चालवायचं, त्याला टेबलाशी बसवून बोलायला हवं. सरकार, मालक आणि मजूर यांच्या त्रिपक्षीय परिषदा त्या काळात सुरू झाल्या. कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आणणारं विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडलं. फौजेतून परतणाऱ्यांना काम मिळावं म्हणून १९४५ मध्ये जी यंत्रणा उभी राहिली, तिच्यातूनच पुढे सेवायोजन कार्यालयं आली. आमच्या पिढीतल्या रत्नागिरीच्या पोरांनी वर्षानुवर्षं ज्या कार्यालयाचं कार्ड नूतनीकरण करून घेतलं, ते असं युद्धाचं अपत्य होतं. सगळंच काही चांगलं झालं नाही. कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये बायकांना पुन्हा खाणींच्या पोटात उतरवलं गेलं आणि ती बंदी परत यायला १९४६ उजाडलं. तरीही एक धडा मिळाला. सरकारला आपली गरज असते तेव्हाच आपल्या मागणीला वजन असतं, आणि ते कायद्यात लिहून घ्यायचं असतं.

मग आलं १९६२. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली, नोव्हेंबरमध्ये यशवंतराव दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचं वाक्य आपण तेव्हापासून ऐकतो आहोत. त्या वेळी मी पाळण्यातून नुकताच उतरलो होतो, त्यामुळे आठवण म्हणून माझ्याकडे काही नाही. पण पुढे बँकेत असताना एक वयस्क बाई लॉकर उघडायला यायच्या. एकदा त्यांनी माझ्यासमोर एक पिवळी पडलेली पावती ठेवली. संरक्षण निधीला दिलेल्या दोन बांगड्यांची. मला वाटलं, याचे काही पैसे मिळतात का, असं विचारायचं असेल. त्या म्हणाल्या, “नाही हो साहेब, मिळायचं काही नाही. पण सुनेला नुसता कागद वाटेल आणि टाकून देईल. लॉकरमध्ये ठेवलेलं चालतं ना?” चालतं, म्हटलं. माझ्या नोकरीत त्या लॉकरमध्ये मी ज्या गोष्टी ठेवलेल्या पाहिल्या, त्यात ती सगळ्यांत मौल्यवान असावी.

दानाची गोष्ट वेगळी, पण सरकारनं तेव्हा सोनं कर्जाऊही मागितलं होतं, आणि इथं जरा आकडेमोड करू. नोव्हेंबर १९६२ मध्ये साडेसहा टक्क्यांचे सुवर्णरोखे निघाले, मुदत १९७७. दहा ग्रॅम सोन्याला भाव धरला ५३ रुपये ५८ पैसे. तो आंतरराष्ट्रीय भाव होता. आपल्या बाजारात तेव्हा त्याच्या दुपटीच्या आसपास मिळत होते. परतफेड रुपयांत. सुमारे १६ टन सोनं जमलं. मुदतीअंती मुद्दल ५३ रुपये आणि पंधरा वर्षांचं व्याज पन्नासेक रुपये, मिळून शंभराच्या थोडं वर. १९७७ मध्ये बाजारात दहा ग्रॅमला पावणेपाचशेच्या आसपास मोजावे लागत.

आता दुसरा कागद पाहा. १९६५ च्या युद्धानंतर ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे निघाले, मुदत १९८०. व्याज नाममात्र, पण परतफेड सोन्याच्या रूपात. जितकं दिलं तितकं सोनं परत. जवळपास पावणेचौदा टन जमलं. १९६५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव सत्तर-बहात्तर रुपये होता. १९८० मध्ये परत मिळालं तेव्हा तो तेराशेच्या वर गेला होता. सरकारनं शब्द पाळला, सोनं दिलं. एकाच देशातले लोक, तीन वर्षांच्या अंतरानं सारख्याच विश्वासानं दिलेलं सोनं. पहिल्यांनी तोटा सोसला, दुसऱ्यांना सगळं परत मिळालं. फरक भावनेचा नव्हता, रोख्यावर लिहिलेल्या एका ओळीचा होता.

आणि ज्याच्याकडे सोनं नव्हतंच, पण जो त्यावर जगत होता, त्याचं काय? जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणलं. १४ कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी. युक्तिवाद चुकीचा नव्हता: चोरट्या सोन्यापायी परकीय चलन बाहेर जातं, तेच शस्त्रांसाठी हवं. पण देशभरातल्या लाखो सोनारांची शेगडी एका रात्रीत विझली. बायकांना १४ कॅरटचे दागिने पसंत पडेनात, घडणावळ येईना. सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. १४ कॅरटची अट १९६६ मध्ये गेली, पण नियंत्रणाचा कायदा १९६८ मध्ये झाला आणि राहिला. तो रद्द झाला १९९० मध्ये, आणि तेव्हाचे अर्थमंत्री होते आपल्या राजापूरचे खासदार मधु दंडवते. युद्ध महिनाभरात संपलं होतं. त्याच्या नावानं घातलेलं बंधन सत्तावीस वर्षं टिकलं. युद्धकाळात घेतलेला अधिकार परत करायला सरकारला कधी घाई नसते, हेही खतावणीतच लिहायला हवं.

१९७१ मात्र मला आठवतं. मी बारा वर्षांचा होतो. काळा कागद दुकानात मिळेना, म्हणून आमच्या आईनं वर्तमानपत्रं शाईत बुडवून वाळवली आणि खिडक्यांच्या काचांना चिकटवली. समुद्रावर दिवा दिसता कामा नये. पण त्याआधीच युद्ध पोस्टातून घरात आलं होतं. नोव्हेंबरपासून पाकिटावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, निर्वासितांच्या मदतीसाठी. सुरुवातीची तिकिटं नवी छापायलाही वेळ नव्हता. कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच नवा मजकूर उमटवला होता. पूर्व बंगालमधून जवळजवळ एक कोटी माणसं आली होती आणि त्यांच्या भाताचा एक दाणा आमच्या पाकिटावर चिकटत होता. तो कर १९७३ च्या मार्चअखेर बंद झाला. कशासाठी घेतोय ते सांगितलं, सगळ्यांकडून सारखं घेतलं, आणि ठरल्यावर थांबवलं. लोकांकडून कसं मागावं याचा एवढा नेटका नमुना मला दुसरा सापडलेला नाही.

कारखान्यांचं गणित याहून कठीण. पैसा एका अध्यादेशानं गोळा होतो, लेथवर बसणारा कारागीर नाही. १९४१ मध्ये रशियानं जर्मन फौजांच्या तोंडून दीड हजारांवर मोठे कारखाने उचलून पूर्वेला नेले, ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. पण त्या यंत्रांबरोबर ती चालवणारी माणसंही गेली, हे विसरतो. युक्रेनच्या युद्धात मार्च २०२३ मध्ये युरोपातल्या श्रीमंत देशांनी वर्षभरात दहा लाख तोफगोळे देण्याचं ठरवलं. वर्ष संपलं तरी तेवढे भरले नाहीत. पैसा होता, इच्छा होती, पण कारखाने शांततेच्या काळात आक्रसले होते. आपल्याकडे खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. ओझरला मिग विमानांचा कारखाना आला १९६४ मध्ये, म्हणजे १९६२ च्या पराभवानंतर. देशात बांधलेली पहिली फ्रिगेट ‘निलगिरी’ माझगाव गोदीनं १९६८ मध्ये पाण्यात सोडली आणि ती नौदलात दाखल झाली १९७२ मध्ये. १९७१ चं युद्ध तोवर होऊन गेलं होतं. त्या गोदीत कोकणच्या कितीतरी फिटर-वेल्डरांनी आयुष्य घालवलं. त्यांना कुणी सैनिक म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं, असंही नाही. पण ज्या देशाला युद्धाची तयारी हवी, त्यानं आधी आपला फिटर, आपला रस्ता, आपला तालुक्याचा दवाखाना सांभाळावा. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला दशकाहून अधिक काळ लागलेला पाहिलेल्या कोकणी माणसाला हे वेगळं सांगायला नको.

शेवटचं पान निवृत्तिवेतनाचं. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा शाखेत येत. काठी टेकत, पण रांगेत ताठ. एका विधवेचं नाव नवऱ्याच्या कागदांत एका अक्षरानं वेगळं पडलं होतं. तिचं वाढीव निवृत्तिवेतन त्या एका अक्षरासाठी दीड वर्ष अडलं. आम्ही पत्रं पाठवत होतो, एका दूरच्या कार्यालयातून छापील उत्तरं येत होती. तिचा नवरा लढायला गेला तेव्हा त्याच्या नावाचं स्पेलिंग कुणी तपासलं नव्हतं.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या आणि त्या यादीत रत्नागिरीचंही नाव होतं. भोंगे वाजले, त्याच रात्री आधी सरहद्दीपलीकडे हल्ले झाले होते, आणि चार दिवस घराघरांत दुसरा विषय नव्हता. तालीम हवीच. तिची चेष्टा करणारा माणूस मी नाही. पण भोंगा कसा ऐकायचा हे शिकवणाऱ्यांनी त्याबरोबर आणखी काही शिकवावं. जे मागाल ते कशासाठी आणि किती दिवसांसाठी, हे आधी सांगा. ओझं सोनाराच्या शेगडीवर किंवा बंगालच्या भातावर एकट्यावर टाकू नका. घेतलेल्याची पावती द्या आणि पावतीवरची ओळ वाचून मग सही करायला सांगा. आणि युद्ध संपल्यावर घेतलेले अधिकार ठरल्या तारखेला परत करा.

चहाच्या टपरीवरचे सरसेनापती उद्याही लढाया जिंकतील, जिंकोत बापडे. प्रत्यक्षात बोलावणं येईल तेव्हा त्यांच्यातली बरीचशी माणसं खरंच उठून जातील, याबद्दल मला शंका नाही, कारण यांचे आजोबा-पणजोबा गेलेच होते. मला काळजी आहे ती ते परत आल्यावर त्यांचं नाव कुणी नीट लिहून घेतलंय की नाही, याची.